शटरच्या पेटीतील दूरदर्शन

माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली वस्तू खाली उतरवली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, असू द्या. गेल्या पावसाळ्याआधी वसईचे आमचे घर शाकारताना वडिलांचा लाकडी पेटीतला दूरचित्रवाणी संच असाच खाली आला. आमच्या धाकट्या बंधूंनी तिसराच मार्ग सुचवला. आतले यंत्र काढून टाकावे, पेटीला चकचकीत पॉलिश करावे आणि पडद्याच्या जागी माशांची काचपेटी बसवावी, असे त्यांचे म्हणणे. त्यात वाईट काही नव्हते. पेटी तरी वाचली असती. परंतु आम्हांस तो बेत रुचला नाही. हा संच जसा होता तसा पुन्हा चालता करावा, असे आम्ही ठरवले. मग प्रश्न उभा राहिला, ‘जसा होता’ म्हणजे कधी होता तसा? दुकानातून आला त्या दिवशी होता तसा, की वापरून वापरून झाला होता तसा? पुढचे सहा महिने आम्ही या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

हे यंत्र लाकडाच्या पेटीत का बसवत असत, हे आधी पाहिले पाहिजे. बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हाच्या काही संचांत पिक्चर ट्यूब इतकी लांब असे, की ती उभी बसवावी लागे आणि वरच्या झाकणातल्या आरशात चित्र पाहावे लागे. झाकण मिटले, की ते एक साधे कपाट दिसे. त्याआधी रेडिओनेही हाच मार्ग धरला होता. इंग्लंडच्या मर्फी रेडिओच्या पेट्या आर. डी. रसेल यांनी रेखल्या. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय फर्निचरचा होता. नवे यंत्र दिवाणखान्यात शिरायचे, तर त्याने तिथल्या मेजखुर्च्यांच्या वेषात शिरावे, अशी ती रीत होती. शिवाय व्यवहारही होता. मोठी प्लास्टिकची पेटी काढायची, तर महागडा साचा आणि प्रचंड यंत्र लागते. लाकडाची पेटी सुतारखान्यात पन्नासही होतात आणि पाचशेही होतात. आणखी एक कारण सुरक्षिततेचे. त्या काळच्या पुष्कळ संचांत घरातली वीज थेट आतल्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेली असे. प्लगच्या दोन पिना उलट लागल्या, तर सांगाड्यातच वीज खेळे. वापरणारा आणि ती वीज यांच्यामध्ये उभे असे ते कोरडे लाकूड आणि मागचा हार्डबोर्ड.

आपल्या देशात दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईकरांना मात्र तेरा वर्षे थांबावे लागले. मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. पुढच्या वर्षी सिंहगडावरील केंद्रामुळे पुण्यालाही ते कार्यक्रम दिसू लागले. लवकरच अनेक देशी कंपन्या संच बनवू लागल्या आणि त्यांतले बरेचसे संच सागाचा पापुद्रा चढवलेल्या प्लायवुडच्या पेटीत, चार निमुळत्या पायांवर उभे असत. पडद्यासमोर सरकते शटर असे. अरुंद लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी जाड कापडावर सरसाने चिकटवायच्या आणि ते सारे खाचेतून कडेला वळवून न्यायचे, अशी त्याची रचना. त्या शटराला कुलूप असे.

हे कुलूप त्या काळाविषयी बरेच काही सांगते. संचाची किंमत कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. तो ठेवण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. कार्यक्रम संध्याकाळचे काही तासच असत. उरलेल्या वेळी पडदा झाकलेला बरा, अशीच सर्वांची भावना होती. आमच्या वडिलांनी १९७४ च्या नाताळाआधी हा संच घेतला. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. सायंकाळची रोझरीची प्रार्थना आटोपल्याशिवाय शटर उघडत नसे आणि परीक्षा जवळ आल्या, की ते मुळीच उघडत नसे.

उघडले, की मात्र घर आमचे राहत नसे. वाडीतले शेतकरी ‘आमची माती, आमची माणसं’ पाहायला येत आणि केळीच्या रोगावरचा सल्ला ऐकून ओटीवर बसून त्यावर वाद घालीत. रविवारच्या हिंदी चित्रपटाला ओटी पुरत नसे. मग खिडकीचे गज धरून मुले उभी राहत. मराठी बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील पुढे चित्रपटांतून देशभर नावाजल्या, तेव्हा आमच्या आळीत त्यांना ‘आपल्या बातम्यांवाल्या’ म्हणूनच ओळखत. वरळीच्या मनोऱ्यापासून आम्ही दूर. छपरावर उंच बांबूला बांधलेला अँटेना, त्याच्या लांबच लांब ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर बसणारे कावळे आणि पावसाळी वाऱ्याने तो फिरला, की वर चढून ‘आता दिसतंय का?’ असे ओरडणारा कोणी तरी, हेही त्या कार्यक्रमांतच जमा होते.

आता दुरुस्तीकडे वळू. पन्नास वर्षांचा संच खाली उतरवून लगेच प्लग लावणे, ही सर्वांत मोठी चूक. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात. एकदम पूर्ण दाब आला, तर ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. शिवाय चालू संचातील पिक्चर ट्यूबवर दहा-पंधरा हजार व्होल्टांचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ तिथे दबा धरून राहतो. म्हणून हे काम जाणत्या हातांचेच. आम्ही एका निवृत्त मेकॅनिकांना विनंती केली. त्यांनी प्रथम ट्यूबमधला साठा सावधपणे जमिनीत उतरवला. मग नरम ब्रशने धूळ झाडली, तडकलेल्या रबराच्या वायरी बदलल्या आणि कंडेन्सर एकेक करून काढले.

व्हॉल्व्हची परीक्षा डोळ्यांनीच होते. काचेच्या आत वरच्या बाजूस चंदेरी आरसा दिसतो. तो पांढरा पडला, तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला, असे समजावे. आमच्याकडचा एकच पांढरा निघाला. पण या संचात सगळ्या व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारा एकाच साखळीत जोडलेल्या होत्या. नाताळच्या जुन्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला, की सारी माळ विझे, तसेच हे. एक नवा व्हॉल्व्ह जुन्या सामानाच्या बाजारातून मिळेपर्यंत बाकीच्यांना थांबावे लागले. तो बसल्यावर मेकॅनिकांनी संच थेट विजेवर न लावता मध्ये साध्या बल्बचा सिरीज बोर्ड घातला. बल्ब भगभगला, तर आत दोष आहे. मंद होत गेला, तर ठीक. तो मंद होत गेला.

पेटीच्या बाबतीत आम्ही एवढे सावध राहिलो नाही, आणि ते आम्हांस भोवले. शेजारच्या तरुणाकडून पॉलिशपेपरचे यंत्र आणून उजव्या बाजूपासून आम्ही स्वतःच सुरुवात केली. पाऊण तासात लाकूड उजळ निघाले आणि आम्हांला मोठे समाधान वाटले. गावातले वृद्ध सुतार सहज डोकावले आणि त्यांनी हात धरून यंत्र बंद केले. सागाचा पापुद्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. एका कोपऱ्यात तो झिजून खालचे प्लायवुड दिसू लागले होते. पण त्याहून मोठे नुकसान आमच्या ध्यानात त्यांच्यानंतर आले. चालू-बंद करण्याच्या बटनाजवळ, कडेला, वडिलांचा अंगठा बारा वर्षे टेकून टेकून एक काळपट ठसा पडला होता. बटन फिरवताना ते त्या कडेला आधार देत. तो ठसा आम्ही मळ समजून घासून टाकला होता. कोपऱ्यातला पापुद्रा सुतारांनी दुसरा चढवून दिला. अंगठ्याची जागा कोण भरून देणार?

त्यानंतर काम त्यांच्या सांगण्याप्रमाणे झाले. मूळचे पॉलिश कोणते, हे आधी ओळखावे. पेटीच्या न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा बोळा फिरवावा. लेप मऊ होऊन कापडाला लागला, तर ती लाख. आमची लाखच निघाली. ही लाख पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लहान किडे तयार करतात आणि छोटा नागपूरच्या प्रदेशात ती गोळा करण्याचा व्यवसाय फार जुना आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्याही हिच्याच मिश्रणाच्या. लाखेचा गुण असा, की जुना थर खरवडावा लागत नाही. ताजे पॉलिश वर फिरवले, की त्यातल्या स्पिरिटने जुना थर विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, कापसाचा बोळा मलमलीत बांधून, त्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घेऊन गोल गोल हात फिरवायचा. थर पातळ, पण पुष्कळ द्यायचे. दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते. म्हणून सुतारांनी पावसाळाभर कामाला हात लावू दिला नाही. पुन्हा सुरुवात केली ती दसऱ्यानंतर. शटराचे जुने कापड कुजले होते. सरस कोमट पाण्याने सुटतो, त्यामुळे एकही पट्टी न मोडता नवे कापड लावता आले.

वर फुलदाणीच्या पाण्याचे एक वर्तुळ होते. ते काढू का, असे सुतारांनी विचारले. आम्ही नको म्हणालो. एव्हाना आम्ही थोडे शिकलो होतो.

खरी परीक्षा मागच्या हार्डबोर्डाची झाली. वाळवीने त्याचा खालचा भाग खाल्ला होता. बंधू म्हणाले, हा कोणाला दिसतो? नवा घालू. ते काढण्यासाठी त्यांनी तो उलटा केला आणि आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा दिसल्या. जुन्या मेकॅनिकांची ती नोंद होती. प्रत्येक भेटीची तारीख आणि बदललेला भाग. त्यांतली एक तारीख होती १८-११-८२. दुसऱ्या दिवशी दिल्लीत आशियाई खेळांचे उद्घाटन होते. देशात रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी आले होते आणि आमच्या काळ्या-पांढऱ्या संचावरही ते पाहता येई, फक्त रंगांवाचून. शेवटची तारीख होती २-११-८४. इंदिरा गांधींच्या अंत्ययात्रेच्या आदल्या दिवसाची. संच चार दिवस बंद होता. संध्याकाळी ते मेकॅनिक निरोप न धाडताच सायकलवरून आले, कंदिलाजवळ बसून त्यांनी काम पुरे केले आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओटीवर, अंगणात, अंगणातल्या क्रूसाच्या कठड्यावर माणसे बसली होती आणि कोणी बोलत नव्हते. हे सारे आम्ही विसरलो होतो. त्या चार ओळींनी ते परत आणून दिले.

बंधू बराच वेळ बोर्ड हातात धरून उभे होते. नवा घालण्याचा विषय त्यांनीच सोडला. कुजलेला भाग तेवढा कापून, आतून पट्टी ठोकून, जुना बोर्डच बसवला. काढलेले कंडेन्सरही आम्ही फेकले नाहीत. एका डब्यात घालून पेटीच्या तळाशी ठेवले आहेत, म्हणजे पुढे कोणी उघडले, तर मूळचे काय आणि आमचे काय, हे त्यास कळेल. इतिहास लिहिणाऱ्याने जे पथ्य पाळायचे, तेच जुनी वस्तू सांधणाऱ्यानेही पाळावे, असे आता आम्हांस वाटते. फाटले असेल ते सांधावे, पण आपला टाका कोणता, हे लपवू नये. आणि जो डाग माणसाच्या हाताने पडला आहे, तो मळ ठरवण्याआधी क्षणभर थांबावे.

एक अडचण राहिली होती. संच सिद्ध झाला, पण त्याला पकडायला हवेत काही नव्हते. दूरदर्शनने आपली बहुतेक जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. ज्या वर्षी मुंबई केंद्राला पन्नास वर्षे झाली, त्याच सुमारास त्याच्या पहिल्या प्रेक्षकांचे संच मुके झाले. मेकॅनिकांनी एक छोटे यंत्र जोडले. ते आजच्या सेटटॉप बॉक्समधले चित्र जुन्या लहरींवर चढवून या संचाला समजेल असे करून देते.

नाताळाच्या आठवड्यात आम्ही किल्ली फिरवून शटर उघडले आणि बटन दाबले. काही झाले नाही. आमची पुतणी म्हणाली, “काका, बिघडलाय.” आम्ही तिला थांबायला सांगितले; व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आधी आवाज आला. मग मधोमध एक करडा प्रकाश, आणि तो पसरत पसरत कडेपर्यंत गेला. बातम्या लागल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या. बंधूंनी उठून आवाज थोडा कमी केला आणि तसे करताना त्यांचा अंगठा कडेच्या त्याच जागी टेकला.

रात्री सर्व निजल्यावर आम्ही मागचा बोर्ड पुन्हा एकदा उघडला. त्या चार नोंदींच्या खाली पेन्सिलीनेच त्या दिवसाची तारीख घातली आणि बदललेल्या भागांची नावे लिहिली.