चार नावांची यादी

१९०२ सालच्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेचा निकाल एवढासाच आहे. स्पर्धा लंडनला झाली, फेब्रुवारी महिन्यात, आणि खेळाडू किती, तर चार! पहिला आला स्वीडनचा उल्रिक सालकोव, तिसरा जर्मनीचा मार्टिन गॉर्डान, चौथा इंग्लंडचा होरॅशियो टोरोमे. दुसऱ्या नंबरचं नाव मुद्दाम मागे ठेवलंय. ते आहे मॅज सायर्स. वय वीस, लग्न होऊन पावणेदोन वर्षं झालेली, आणि बाई.

बायकांची वेगळी स्पर्धा तेव्हा नव्हतीच. ही जागतिक स्पर्धा १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला सुरू झाली आणि ती पुरुषांची आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. इतकं गृहीत, की नियमात तसं लिहून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मॅजबाईंनी नियम वाचले, 'बायकांना मनाई' असं कुठेच दिसलं नाही, आणि त्यांनी सरळ नाव नोंदवलं. आयोजकांना नाही म्हणता येईना. बरं, उतरली ती उतरली, तीन पुरुषांपैकी दोघांना मागे टाकून गेली.

आता नागपुरात बसून बर्फावरच्या खेळाबद्दल लिहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. आपला बर्फाशी संबंध गोळ्यापुरता आणि रसवंतीपुरता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की फ्रीजचं दार उघडं ठेवून उभं राहणं हाच काय तो आपला हिवाळी खेळ :) म्हणून आधी हा प्रकार काय होता ते थोडं सांगतो, कारण आज टीव्हीवर दिसतं ते आणि त्या काळातलं यात बराच फरक आहे.

'फिगर' म्हणजे आकृती. अगदी शब्दशः. खेळाडूने एका पायावर तोल सांभाळत बुटाच्या पात्याने बर्फावर आकृती काढायची. आठाचा आकडा, त्याचे नाना प्रकार, मध्येच वळण, मध्येच छोटा फास. एकदा काढून भागत नसे, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरायचं. मग परीक्षक जवळ येणार, वाकून, प्रसंगी गुडघ्यावर बसून रेघा तपासणार. किती सरकल्या, गोल वाटोळा आहे की चेपलाय, वळणाशी पातं घसरलं का... आपल्याकडे दारातली रांगोळी बघणाऱ्या आत्याबाई असतात ना, तशी नजर. संगीतावरचं मोकळं स्केटिंग त्यानंतर. कित्येक वर्षं निम्म्याहून जास्त गुण या रेघांनाच होते. १९९० नंतर त्या स्पर्धेतून बाद झाल्या, खेळाचं नाव तेवढं मागे राहिलं.

मॅज इंग्लंडची, आणि इंग्लंडात तर आणखीनच वेगळी तऱ्हा होती. ताठ पाठ, ताठ पाय, हात अंगाशी, चारचौघांनी मिळून एकाच वेळी सारख्या आकृत्या काढायच्या. मध्यबिंदू कळावा म्हणून बर्फावर काय ठेवत असत माहीत आहे? संत्रं! पांढऱ्या बर्फावर नारिंगी ठिपका लांबूनही दिसतो, हे कारण. नागपूरकराला एवढ्या एका गोष्टीसाठी या खेळाविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही.

तर मॅजसुद्धा असंच संत्र्याभोवती फिरत मोठी झाली असती. पण १८९९ मध्ये तिची एडगर सायर्सशी ओळख झाली. तो स्वतः स्केटर आणि शिकवणाराही. युरोपात तेव्हा मोकळी, लयदार, अंग वापरणारी शैली रुळत होती, ती त्याला पसंत होती. त्याने तिला ताठपणा सोडायला लावला. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. १९०२च्या त्या स्पर्धेमागे या नवऱ्याचं प्रोत्साहन होतं हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल.

सालकोवचंही तसंच. पुढे त्याने एकंदर दहा जागतिक विजेतेपदं मिळवली, इतका मोठा खेळाडू. तो त्या दिवशी जिंकला खरा, पण 'हे पदक खरं तर तुझं' असं म्हणून त्याने आपलं सुवर्णपदक मॅजला देऊन टाकलं, अशी गोष्ट स्केटिंगच्या जगात आजही सांगतात. दंतकथा म्हणून सोडून दिली तरी ती सांगावीशी वाटली, यातच त्या दिवशी बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते आलं.

आता खरी गंमत. गंमत म्हणायचं खरं तर जिवावर येतं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची परिषद १९०३ मध्ये भरली आणि तिथे राहून गेलेला नियम लिहिला गेला. बायकांना या स्पर्धेत भाग घेता येणार नाही. कारणं तीन देण्यात आली. एक, लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. दोन, स्पर्धेतल्या मुलीवर एखाद्या परीक्षकाचं मन बसलेलं असू शकतं, मग तो निःपक्षपाती कसा राहील? तीन, बायकांची पुरुषांशी तुलना करणं अवघड असतं.

यातलं पहिलं कारण निदान बोलण्यासारखं आहे. पाऊल दिसलं नाही तर पातं कोणत्या कडेवर आहे ते कळणार कसं? मॅजने त्यावर उपायही करून टाकला, पोटरीपर्यंतचा झगा घालून ती बर्फावर उतरू लागली. म्हणजे हे कारण शिंप्याकडे सुटलं. दुसऱ्या कारणात दोष परीक्षकाचा आणि बाहेर कोण, तर ती मुलगी! (हा न्याय आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मुलगे छेड काढतात म्हणून मुलीचं कॉलेज बंद केल्याच्या हकिकती आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एखादी तरी सापडेल.) आणि तिसरं कारण तर काळजाला हात घालणारं. तुलना अवघड आहे म्हणे. अहो, वर्षभरापूर्वी तुम्हीच तुलना केलीत की! गुण दिलेत, क्रम लावलात, यादी छापलीत. अडचण तुलना जमत नाही ही नव्हती, जमली ही होती.

ही परिषदेची गोष्ट वाचताना मला सारखी आठवत राहिली ती आपल्याकडची रोहिणी खाडिलकर. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी सत्तरच्या दशकात भारतातलं महिला बुद्धिबळ जवळजवळ घरचंच कार्य केलं होतं. त्यातली धाकटी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. वय वर्षं तेरा. त्यावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना निर्वाळा द्यावा लागला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. बुद्धिबळात झगा आड येत नाही. पटावर राजा कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं, परीक्षकाचं मन कुणावर बसलं तरी शह तो शहच. तरीही त्र्याहत्तर वर्षांनंतर भांडण तेच होतं. फक्त या वेळी निकाल उलटा लागला, आणि त्याला निमित्त एक मराठी शाळकरी पोर झाली. ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

आता तर आमच्या नागपूरचीच दिव्या देशमुख आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हंपीला हरवून ती महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा इथे काय आनंद झाला होता ते वेगळं सांगायला नको. पण त्यानंतर सप्टेंबरात ती समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत खुल्या गटात खेळली आणि तिथे जगज्जेत्या गुकेशशी बरोबरी केली. पुढे गोव्याच्या विश्वचषकात दोनशे सहा खेळाडूंत ती एकटीच मुलगी होती, पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून हरली. हरली त्याचं वाईट वाटलं, पण नाव पुकारलं तेव्हा कुणी नियमांचं पुस्तक काढलं नाही.

असो. बर्फाकडे परत येऊ.

बंदी आली ती जागतिक स्पर्धेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती नव्हती, ती स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांना खुली होती. १९०३ मध्ये मॅजने ती जिंकली, टोरोमेला हरवून. १९०४ मध्ये पुन्हा जिंकली आणि या वेळी दुसरा आला तो एडगर सायर्स, म्हणजे साक्षात नवरा. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल याची कल्पना करायला मला फार आवडतं.

संघटनेलाही काहीतरी करणं भाग होतं. मग बायकांसाठी वेगळी स्पर्धा काढली. जानेवारी १९०६, स्वित्झर्लंडमधलं दावोस. पाच जणी उतरल्या. मॅज पहिली, जेनी हर्झ दुसरी, लिली क्रोनबर्गर तिसरी. पुढच्या वर्षी व्हिएन्नाला पुन्हा मॅजच. मात्र या स्पर्धेला 'जागतिक' म्हणत नसत. पुरुषांची ती जागतिक, बायकांची ती नुसती संघटनेची स्पर्धा. जागतिक हा शब्द या निकालांना मागाहून, कितीतरी वर्षांनी चिकटला.

वेगळा गट हा उपकार की कुंपण, यावर माझं मत एका बाजूला पक्कं बसत नाही. वेगळा गट झाला म्हणून पाच जणी आल्या, एकट्या मॅजच्या जागी. पुढे क्रोनबर्गरने लागोपाठ चार विजेतेपदं घेतली, ती तरी कुठे दिसली असती? आणि जसजशा उड्या वाढत गेल्या तसतसा ताकदीचा प्रश्नही आला, हे खरंच आहे. पण १९०३ मध्ये उड्यांचा प्रश्न नव्हता. तेव्हा बर्फावर रेघा ओढायच्या होत्या, आणि रेघेला मिशा नसतात.

१९०८चं ऑलिंपिक लंडनला झालं. ते उन्हाळी ऑलिंपिक, पण कृत्रिम बर्फाचा रिंक हाताशी होता म्हणून ऑक्टोबरात त्यात फिगर स्केटिंगही घेतलं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो असा. पुरुषांत सालकोव जिंकला. त्यातही परीक्षकांवरून वाद झालाच. रशियाचा पानिन परीक्षक पक्षपाती आहेत म्हणत मधूनच बाहेर पडला आणि विशेष आकृत्यांच्या वेगळ्या स्पर्धेत सुवर्ण घेऊन गेला. महिलांत मॅजला पाचही परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला, जर्मनीची एल्सा रेंडश्मिट दुसरी. जोड्यांच्या स्पर्धेत मॅज आणि एडगर तिसरे. त्यानंतर प्रकृतीमुळे तिने खेळ सोडला. १९१७ साली हृदयविकाराने गेली तेव्हा पस्तीसच वर्षांची होती.

सालकोव मात्र दीर्घकाळ राहिला. १९०९ मध्ये त्याने एक नवी उडी मारून दाखवली, एका पायाच्या आतल्या कडेवरून उडून, हवेत गिरकी घेऊन दुसऱ्या पायावर उतरायची. ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तो बेचाळिसाव्या वर्षी उतरला आणि चौथा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थेरेसा वेल्डने महिलांच्या स्पर्धेत नेमकी ही सालकोव उडी मारली. परीक्षकांनी तिला ताकीद दिली, हे असलं उड्या मारणं बायकांना शोभत नाही म्हणून. तरी कांस्यपदक तिला द्यावंच लागलं. ज्याने १९०२ मध्ये बाईशी बरोबरीने स्पर्धा केली त्याचीच उडी बाईने मारायची नाही, असा हा हिशेब. १९२५ ते १९३७ हाच सालकोव त्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष होता.

शंभर वर्षांनी, डिसेंबर २००२ मध्ये, हॉलंडमधल्या हेग शहरात ज्युनिअर ग्रां प्री स्पर्धेची अंतिम फेरी होती. जपानची मिकी अँडो तिथे बर्फावर आली, पंधरावा वाढदिवस काही दिवसांवर होता. तिने हवेत चार गिरक्या घेतल्या आणि नीट उतरली. अधिकृत स्पर्धेत चार गिरक्यांची उडी यशस्वी करणारी ती पहिली स्त्री. ती उडी होती सालकोव.

आणि एक सांगायचं राहिलं. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे लहान फेरीत, पुरुषांना चार गिरक्यांच्या उड्या मारता येत होत्या. बायकांना नाही. तसा नियमच होता, आणि या वेळी तो आधीपासून लिहिलेला होता.