रने लालिक : रत्नापेक्षा घडणीला मोल देणारा कलावंत

दागिन्याचे मोल त्यातील रत्नांवरून ठरवण्याच्या काळात शिंग, काच आणि मिना यांना हिऱ्यामोत्यांच्या पंक्तीत बसवणारे फ्रेंच कलावंत म्हणजे रने लालिक (१८६०–१९४५). वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी पॅरिसमधील एका नामांकित जवाहिऱ्याकडे उमेदवारी सुरू केली. पुढे दोन वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेतले. परतल्यावर कार्तिए, बुशरों यांसारख्या पेढ्यांसाठी ते आराखडे काढत. १८८५ मध्ये त्यांनी पॅरिसमधील एक चालती कार्यशाळा आपल्या ताब्यात घेतली आणि स्वतःचा व्यवसाय उभा केला.

चतुर, मोर, वेली, स्त्रीमुखे हे त्यांचे आवडते विषय. अभिनेत्री सारा बर्नार त्यांचे दागिने वापरत. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनाने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. तेलउद्योजक कालूस्त गुलबेंकियन यांनी त्यांच्याकडून शंभराहून अधिक कलाकृती घेतल्या. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात त्या आज पाहता येतात.

मात्र प्रसिद्धीबरोबर नकलाही वाढल्या. तेव्हा लालिक काचेकडे वळले. सुगंधद्रव्यांचे व्यापारी फ्रांस्वा कोती यांच्यासाठी त्यांनी अत्तराच्या कुप्या घडवल्या. एका धनिकासाठी एकच दागिना घडवणारा हात आता साच्यातून हजारो कुप्या काढू लागला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी आल्सासमध्ये उभारलेला काचकारखाना आजही सुरू आहे. द्रव्य साधे असले, तरी घडण त्याला मोल देते, हे त्यांच्या दोन्ही कारकिर्दींनी दाखवून दिले.