लॅपटॉपचा पडदा अधूनमधून बंद पडतो तेव्हा

बंगळुरूच्या जयनगरसारख्या निवासी वसाहतींमध्ये २०२० च्या टाळेबंदीपासून घरातून काम करणे रूढ झाले आणि लॅपटॉपचा बिघाड थेट रोजगाराशी जोडला गेला. पडदा कधी चालणे, कधी काळा पडणे हा त्यातील सर्वात फसवा दोष होय. दुरुस्तीच्या दुकानात नेताच तो नाहीसा होतो आणि कारण न शोधताच संपूर्ण पडदा बदलण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष पडद्यात नसून त्याच्या केबलमध्ये असतो.

बिजागरीतील केबल

मुख्य मंडलाकडून पडद्याकडे जाणारी बारीक केबल बिजागरीजवळून नेलेली असते. झाकण उघडता-मिटताना ती वाकते आणि कालांतराने तिच्यातील तारा तुटू लागतात. याचे गाजलेले उदाहरण अ‍ॅपलच्या २०१६ मधील मॅकबुक प्रोचे आहे. झाकण विशिष्ट कोनापलीकडे उघडले की त्याचा प्रकाश जात असे. केबल पडद्याशी एकसंध असल्याने संपूर्ण पडदाच बदलावा लागे. मे २०१९ मध्ये कंपनीने १३ इंची संगणकांसाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. २०१८ च्या संगणकांत ही केबल सुमारे दोन मिलिमीटरने लांब केल्याचे तपासणीत आढळले होते.

तपासणीचा क्रम

१. संगणक चालू असतानाच महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी.

२. बाहेरचा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडावा. तेथेही चित्र जात असेल तर दोष ग्राफिक्स चिप, मुख्य मंडल किंवा ड्रायव्हरमध्ये असू शकतो. तेथे चित्र स्थिर राहिल्यास पडदा किंवा केबल तपासावी.

३. काळ्या पडद्यावर तिरका विजेरीचा झोत टाकावा. पुसट चित्र दिसल्यास चित्र पोहोचत आहे, केवळ मागील प्रकाश गेला आहे, असे समजावे.

४. झाकण सावकाश हलवावे. ठरावीक कोनातच पडदा बंद पडत असेल तर केबलचा संशय बळावतो.

५. विंडोज प्रणालीत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या बायोस पडद्यावरही लुकलुक होत असेल तर दोष बहुधा यंत्रभागात असतो.

६. जवळचे लोहचुंबक दूर करावे. अनेक लॅपटॉप झाकण मिटल्याची जाणीव चुंबकावरून करून घेतात. त्यामुळे चुंबकीय कडे किंवा फोनचे आवरणही पडदा बंद करू शकते.

दुरुस्तीपूर्वी

दोष दिसताच मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करावे. कारागिराला तोच पुरावा दाखवता येतो. हमीची मुदत शिल्लक असल्यास यंत्र स्वतः उघडू नये. मुदत संपली असल्यास जयनगरहून मेट्रोच्या हरित मार्गाने एस. पी. रोडवरील संगणक भागांच्या बाजारात जाता येते. तेथे आधी केबल तपासण्याचा आग्रह धरावा. सुटी मिळणारी केबल पडद्याच्या तुलनेत स्वस्त असते. जुन्या लॅपटॉपमधील प्रकाशनलिकांत पारा असल्याने बदललेला पडदा कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.