‘कीचकवध’ आणि त्याचा प्रेक्षक

भीमाची ओळख वर्धा जिल्ह्यातील वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. सेलू तालुक्यातील केळझर हीच प्राचीन एकचक्रानगरी आणि येथेच भीमाने बकासुरास मारिले, अशी या भागात दृढ समजूत आहे. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यास गेले, तर भीमाने कीचकास मारून कोणत्या दरीत लोटले तेही तेथील लोक दाखवितात. इतिहासाच्या कसोटीस या गोष्टी उतरोत वा न उतरोत. पौराणिक नाटकाचा प्रेक्षक घरून निघतो तो कथा बरोबर घेऊनच निघतो, एवढे त्यांवरून खास कळते. पडदा उघडल्यावर कथा काय आहे हे त्यास समजून घ्यावयाचे नसते. ती या वेळी कोणास उद्देशून सांगितली जात आहे, हे पाहावयाचे असते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’चा इतिहास या दृष्टीने फिरून पाहण्यासारखा आहे.

हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणिले. बंगालची फाळणी १९०५ सालची. तिची जखम अद्याप ओली होती. उन्मत्त कीचक सैरंध्रीची अभिलाषा धरितो, अज्ञातवासातील धर्मराज धीर धरावयास सांगतो आणि अखेर भीम कीचकाचा वध करितो, ही कथा महाभारतातील. इंग्रज सरकारचे नाव तिच्यात येण्याचा संभवच नाही. परंतु नाटककार टिळकांच्या ‘केसरी’तील सहकारी होते, हे प्रेक्षक जाणून होता. त्याने कीचकाच्या ठायी लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीच्या ठायी हिंदभूमी पाहिली. धर्मराज त्यास मवाळ वाटला आणि भीम जहाल.

या प्रेक्षकाचे सर्वांत बोलके चित्र आम्हांस मिळते ते एका विरोधकाच्या ग्रंथात. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाईन चिरोल यांच्या १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात ‘कीचकवधा’चे वर्णन आहे. कथानक व त्यातील रूपक सांगून झाल्यावर लेखणी रंगभूमी सोडून समोरच्या समुदायाकडे वळते. पुरुषांच्या कपाळावरील आठ्या, द्रौपदीची विनवणी ऐकताना स्त्रियांचे चकाकणारे डोळे, धर्मराजाच्या सौम्यपणाविषयीचा तिटकारा आणि कीचक पडताच उठणारा समाधानाचा हुंकार, हे सारे तेथे टिपलेले आहे. मित्रांच्या परीक्षणांत पदांचे व पात्रांचे कौतुक पुष्कळ असते. प्रेक्षकाचा चेहरा क्वचितच असतो. तो येथे विरोधकाने जपून ठेविला आहे.

परंतु हीच साक्ष नाटकावर उलटणारी होती. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यान्वये, ज्या प्रयोगाने सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होण्याचा संभव असेल तो सरकारास बंद करता येत असे. म्हणजे नाटकाचा न्याय त्यातील शब्दांवरून नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय उठेल यावरून व्हावयाचा! माझ्या संहितेत असे काही नाही, हे नाटककाराचे उत्तर अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते. १९१० साली मुंबई सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली. हुंकार प्रेक्षकांचा, आणि शिक्षा नाटकास!

पुढे १९११ साली ‘मानापमान’ आले, १९१६ साली ‘स्वयंवर’ आले. ‘स्वयंवरा’ची रुक्मिणी तर आमच्या वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरची राजकन्या. तिच्या पदांस वन्समोअर मिळू लागले. यावरून खाडिलकरांनी रणशिंग टाकून तंबोरा धरिला, असे म्हणणे सोपे आहे. पण १९२३ साली ‘नवाकाळ’ दैनिक काढणारी लेखणी त्यांचीच होती. राजकारण त्यांनी सोडिले नव्हते.

आता या इतिहासातून घ्यावयाचा बोध. १९०७ च्या प्रेक्षकास धर्मराजाचा धीर भ्याडपणासारखा भासला. पुढे १९३६ साली गांधीजी याच जिल्ह्यात सेवाग्रामास येऊन राहिले, आणि १९४० साली पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. सत्याग्रह म्हणजे अन्याय निमूट सोसणे नव्हे, आणि धर्मराजाचे मौन म्हणजे सत्याग्रह नव्हे, हे खरेच. तथापि सहनशीलतेतही सामर्थ्य असू शकते, हे पाहिलेला धामतीरावरचा प्रेक्षक धर्मराजास पूर्वीइतक्या सहज हसला असता, असे आम्हांस वाटत नाही. टाळी तीच, नाटक तेच. काळाने तिचा अर्थ फिरविला.

म्हणून प्रेक्षकांनी काय केले हे परीक्षकाने अवश्य लिहावे. चिरोल यांच्या पुस्तकातील तो परिच्छेद नसता, तर आमचा इतिहास तेवढ्यापुरता दरिद्री राहिला असता. मात्र तो हुंकार त्या रात्रीचा, त्या साली जमलेल्या माणसांचा होता, हेही त्याने नोंदवावे. त्या हुंकारालाच नाटकाचा एकमेव अर्थ ठरवून जो निकाल देतो, तो परीक्षण करीत नसतो. तो खटला चालवीत असतो.