बँकेने आकारलेल्या अवाजवी शुल्काचा परतावा

बँकेने नियमबाह्य रीतीने किंवा पूर्वसूचनेविना खात्यातून वळती केलेली शुल्काची रक्कम खातेदाराने तक्रारीद्वारे परत मिळवणे, यास अवाजवी बँक शुल्काचा परतावा म्हणता येईल. किमान शिल्लक न राखल्याबद्दलचा दंड, एसएमएस शुल्क, कर्जावरील दंडात्मक आकारणी आणि मुदतपूर्व कर्जफेडीचे शुल्क यांबाबत असे वाद प्रामुख्याने उद्भवतात. भारतात यासाठी बँकेची स्वतःची तक्रार यंत्रणा, भारतीय रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असे तीन टप्पे उपलब्ध आहेत. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा आयोग कार्यरत आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये २००६ नंतर हजारो खातेदारांनी लघुदावा प्रक्रियेचा आधार घेऊन बँकांकडून दंडशुल्क परत मागितले व अनेकांना ते मिळालेही. मात्र २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, हे शुल्क सेवेच्या किमतीचाच भाग असल्याने त्याची रक्कम रास्त आहे की नाही हे त्या वेळच्या नियमांखाली तपासता येत नाही, असा निकाल दिला आणि ती लाट ओसरली.

भारतात लघुवाद न्यायालये ब्रिटिश काळापासून आहेत. परंतु मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आज मुख्यतः घरमालक-भाडेकरू वाद चालतात. सामान्य खातेदारासाठी त्या जागी उभी राहिली ती ग्राहक न्यायव्यवस्था. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीचा या जागृतीत मोठा वाटा आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दोन्ही कायद्यांनी बँकिंगला ‘सेवा’ मानले आहे.

शुल्क अवाजवी केव्हा ठरते?

‘शुल्क फार आहे’ एवढे म्हणून तक्रार सहसा टिकत नाही. ते कोणत्या नियमाविरुद्ध आकारले, हे दाखवावे लागते. त्यामुळे रिझर्व्ह बँकेची परिपत्रके हाच तक्रारदाराचा खरा आधार होय.

किमान शिल्लकेबाबतचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी झाल्यास बँकेने खातेदारास कळवावे, ती भरून काढण्यास किमान एक महिना द्यावा व त्यानंतरच दंड लावावा, असे त्यात सांगितले आहे. दंड तुटीच्या प्रमाणात असावा लागतो. उदाहरणार्थ, किमान शिल्लक २,००० रुपये असताना खात्यात १,९०० रुपये असतील, तर आकारणी शंभर रुपयांच्या तुटीवर व्हायला हवी. केवळ या दंडामुळे बचत खाते उणे शिल्लकेत जाता कामा नये. मूलभूत बचत ठेव खात्यास किमान शिल्लकेची अटच नाही, तर निष्क्रिय खात्यावर असा दंड लावण्यास मनाई आहे.

एसएमएस शुल्क प्रत्यक्ष वापरावर आधारित असावे, असा निर्देश २०१३ चा आहे. एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा करावी लागते. त्यापुढे प्रतिदिन १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते. कर्जाच्या बाबतीत १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याजाऐवजी दंडशुल्काची पद्धत आणली व त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवण्यास मनाई केली.

प्रक्रिया

प्रथम शाखेकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी लागते. अर्जात वजावटीची तारीख, रक्कम व खातेउताऱ्यातील नोंद जशीच्या तशी द्यावी. तोंडी तक्रारीवर पुढच्या टप्प्यात काहीच उभे राहत नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर असमाधानकारक असेल, तर लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने आधीच्या तीन योजना एकत्र केल्या. तक्रार पोर्टलवर अथवा टपालाने चंदीगड येथील केंद्रीय कक्षाकडे विनाशुल्क करता येते. १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते. वकिलामार्फत केलेली तक्रार सहसा स्वीकारली जात नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. सेवेपोटी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते. म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या बँकेविरुद्ध अचलपूरचा खातेदार अमरावतीत, तर मूर्तिजापूरचा अकोल्यात दाद मागू शकतो. वकील लावणे बंधनकारक नाही. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे; व्यवहारात वेळ बराच अधिक लागतो. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. राज्य आयोगाचे खंडपीठ नागपूर येथे आहे.

आयोगात प्रकरण चालू असताना तीच तक्रार लोकपाल ऐकत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग हा क्रम सोयीचा. मात्र दोन वर्षांची मुदत त्या काळातही सरतच असते.

वऱ्हाडातील स्थिती

कापूस, सोयाबीन व तूर यांवर अवलंबून असलेल्या या भागात अनेक खात्यांमध्ये वर्षभरात मोजक्याच रकमा येतात. पीएम-किसानचा हप्ता २,००० रुपयांचा असतो. त्यातून दोन-तीनशे रुपये गेले, तर शहरी खातेदारास नगण्य वाटणारी वजावट येथे बियाण्याच्या खर्चात जाणवते. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची पहिली रक्कम जमा होताच काही बँकांनी जुने शुल्क त्यातून वळते केल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि अशी वजावट करू नये, असे शासनाला बँकांना सांगावे लागले.

सहकारी संस्थांची स्थिती वेगळी आहे. अमरावती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि अकोला व वाशीम जिल्ह्यांसाठी असलेली अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांसारख्या बँका दीर्घकाळ लोकपालाच्या कक्षेबाहेर होत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून मध्यवर्ती सहकारी बँकांना ही योजना लागू झाली. पतसंस्था मात्र अद्याप बाहेरच आहेत. त्यांच्या सभासदांसाठी सहकार खात्याचे निबंधक व ग्राहक आयोग हे मार्ग राहतात. सहकार कायद्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मर्यादा

व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. व्यवसायासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्टसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये असाच निकाल दिला. त्यामुळे अकोल्यातील अडत्याला किंवा जिनिंग कारखानदाराला आपल्या चालू खात्यावरील शुल्काबाबत आयोगात अडचण येऊ शकते.

२०१९ च्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही नवी संकल्पना आली. ग्राहकावर अवाजवी आकार लादणारी किंवा नुकसानीच्या मानाने अतिरेकी दंड लावणारी अट तीत बसते. पण अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते. शे-दोनशे रुपयांसाठी तेथवर कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. क्रेडिट कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापार प्रथा असल्याचा राष्ट्रीय आयोगाचा २००८ चा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. व्याजदराचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले.