सात ते चार ठिपक्यांतला क्यूब

‘क्यूब काढा’ म्हटले की मुले आधी एक चौकोन काढतात. त्यात दोन उभ्या, दोन आडव्या रेघा, नऊ घरे, नऊही घरांत रंग. तिथे चित्र थांबते. वर्गात खराखुरा रुबिक क्यूब हातोहात फिरत असतो, पाचवीतली पोरे तो बघता बघता जुळवून दाखवतात, पण कागदावर तो काही उठून उभा राहत नाही. ‘टीचर, बाकीच्या बाजू कुठे काढू?’ हा प्रश्न मी गोव्यातल्या पेडण्यात ऐकला, डिचोलीतही ऐकला. प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याची कुळकथा फार लांबची आहे.

थोडी मोठी मुले गणिताच्या फळ्यावरचा घन काढतात. एक चौकोन, त्याला जरा सरकवून दुसरा, आणि कोपऱ्याला कोपरा जोडणाऱ्या चार तिरक्या रेघा. तो काढायला सोपा, पण फसवा. टक लावून पाहिले तर कधी हा चौकोन पुढे येतो, कधी तो. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या लुई नेकर या स्विस माणसाने १८३२ मध्ये हीच गंमत नोंदवून ठेवली. अशा घनात रंग भरायला बसलेले मूल हमखास गोंधळते, कारण एकाच घरावर दोन-दोन बाजू हक्क सांगतात.

आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात घनाची दोन लक्षणे दिली. तीन सारख्या संख्यांचा गुणाकार म्हणजे घन, आणि बारा कडांची आकृती म्हणजेही घन. बाजू सहा असताना त्याने कडा मोजल्या, हे मला फार आवडते, कारण चित्र काढणाऱ्याच्या हातात कडाच येतात. साधारण त्याच काळात अजिंठ्याचे चित्रकार खडक रंगवत होते. पद्मपाणीच्या मागचे डोंगर पाहा, ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखे दिसतात. वरची बाजू एका छटेत, कडेची दुसऱ्या. त्याआधी, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत ‘हाऊस ऑफ द फॉन’ या घराच्या जमिनीवर तीन रंगांच्या समभुज चौकोनी फरश्या अशा बसवल्या होत्या की पायाखाली ठोकळेच उभे राहिल्याचा भास व्हावा. तीन रंग, तीन दिशा. एवढ्यावर सपाट जमीन ठोकळ्यांनी भरून जाते.

या युक्तीला मापाची शिस्त लागली ती मात्र एका मास्तरांच्या अडचणीतून. केंब्रिजमध्ये विल्यम फॅरिश नावाचे प्राध्यापक यंत्रविद्या शिकवत. चाके, दांडे, आस यांचा एकच संच त्यांच्याकडे होता. त्यातून एका व्याख्यानापुरते यंत्र उभे करायचे, ते झाले की सोडवायचे आणि त्याच सुट्या भागांतून पुढचे यंत्र जोडायचे. जोडणी मदतनीस करत. कोणता भाग कुठे बसतो हे त्यांना कळावे म्हणून चित्र हवे होते, आणि दूरची वस्तू लहान दाखवणारे चित्र इथे कुचकामी, कारण त्यावर पट्टी लावून माप घेता येत नाही. फॅरिशनी वस्तू कोपऱ्यावरून पाहिली. उभी कड उभीच ठेवली, बाकीच्या दोन दिशा जमिनीच्या रेषेशी ३० अंशांवर कलवल्या आणि तिन्ही दिशांना एकच माप दिले. १८२२ मध्ये त्यांनी ही रीत छापली. तिन्ही दिशांचे माप एकच, म्हणून तिचे नाव आयसोमेट्रिक, म्हणजे सममापी.

क्यूबचा जन्मही एका शिक्षकाच्याच हातचा. बुडापेस्टच्या उपयोजित कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये लाकडी ठोकळ्यांचा पहिला क्यूब केला. तुकडे फिरावेत आणि तरी निखळू नयेत, हे त्यांचे कोडे होते. रंग दिले आणि थोडे फिरवले, तेव्हा दुसरेच कोडे समोर आले. तो पुन्हा जुळवायला त्यांनाच महिनाभर लागला. घनाकृती कागदावर उतरवण्याची भूमिती ते विद्यार्थ्यांना शिकवत असत. कागदावरचा ठोकळा त्यांना रोजचाच. १९८० पासून त्यांचे नाव लावून क्यूब जगभर विकला जाऊ लागला.

फॅरिशची ही रीत आमच्या मुलांच्या आंगणातही आहे, आता तिकडे येऊ. पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातले तालुके. पोर्तुगिजांच्या हाती ते १८ व्या शतकाच्या अखेरीस आले, पेडणे तर १७८८ मध्ये. आधीपासून त्यांच्या ताब्यात असलेल्या जुन्या काबिजादीत १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या घरांना दारात तुळस ठेवायचीही बंदी केली होती. इकडच्या आंगणांना तो काच झाला नाही. तुळस राहिली, सारवण राहिले, रांगोळीही राहिली. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत इथल्या मुली ठिपके मांडतात आणि त्यांना ‘सात ते चार’ म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. मधे सात ठिपके, वर-खाली सहा, मग पाच, मग चार. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध.

ही मांडणी म्हणजे फॅरिशच्या तिन्ही दिशा आखलेला कागदच. वहीवर हे ठिपके काढून घ्यायचे आणि वही पाव वळण फिरवायची, म्हणजे ओळी उभ्या होतात. मधल्या ओळीतला चौथा ठिपका हा क्यूबचा आपल्याकडचा कोपरा. तिथून तीन रेघा. एक सरळ खाली शेवटच्या ठिपक्यापर्यंत, दोन वर, डाव्या आणि उजव्या टोकाच्या ओळींतल्या सर्वांत वरच्या ठिपक्यांपर्यंत. बाहेरून सहा कडा जोडल्या की क्यूब उभा राहतो. आर्यभटाच्या बारांपैकी नऊ कडा दिसतात, तीन मागे राहतात. मग प्रत्येक बाजूत कडांना समांतर दोन-दोन रेघा. २७ घरे तयार होतात. ठिपके मोजा, ३७ आहेत. सगळे रेघांखाली जातात, एकही उरत नाही. मी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा खडू हातातच राहिला होता. पिढ्यान् पिढ्या आंगणात मांडलेल्या ठिपक्यांत तीन-तीन-तीनचा क्यूब नेमका मावतो.

म्हणून मी आता पट्टी आणि कोनमापक काढतच नाही. रांगोळी घालणाऱ्या मुलींना पुढे बसवते, त्या मुलग्यांना ठिपके शिकवतात. रंग आधी जुळलेल्या क्यूबचेच द्यावेत. वर पांढरा, डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल. तीन बाजूंना तीन रंग असले की डोळा आपोआप ठोकळा पाहतो, पाँपेईच्या फरशीसारखा. विस्कटलेला क्यूब पहिल्याच दिवशी रंगवला तर रंग बाजू सांगेनासे होतात आणि सगळा भार रेघांवर येतो. घराजवळ बांधकाम असेल तर चिऱ्यांची रास कोपऱ्यावरून बघून या, असेही सांगते. चिरा लांबट असतो, पण उन्हातली वरची बाजू आणि सावलीतली कड यांतला फरक त्यावर स्वच्छ दिसतो.

डिचोलीच्या वर्गात एकदा विस्कटलेला क्यूब रंगवायला दिला होता. एका मुलाचे चित्र मला सुरेख वाटले. रेघा सरळ, रंग घरांबाहेर नाहीत. शेजारची मुलगी, जी रोज डब्याच्या सुट्टीत क्यूब जुळवते, वाकून पाहत होती. ‘टीचर, असा तुकडा नसतोच,’ ती म्हणाली. मधल्या उभ्या कडेवर, अगदी मधोमध, त्याने डावीकडे पांढरा आणि उजवीकडे पिवळा भरला होता. कडेची ती दोन घरे एकाच तुकड्याची. पांढरा आणि पिवळा समोरासमोरच्या बाजूंचे रंग, ते एका तुकड्यावर यायचेच नाहीत. तसेच लाल आणि केशरी, तसेच निळा आणि हिरवा. सहा रंगांच्या पंधरा जोड्या होतात, त्यातल्या या तीन गेल्या की उरतात बारा. कडांचे तुकडेही बारा, एका जोडीला एक. पोराने खोडरबर घेतले, पण रंगखडूचा पिवळा जाईना, तेव्हा तिनेच आपल्या रंगांच्या डब्यातला केशरी काढून त्या पिवळ्यावर गिरवला.