वसईची घंटा आणि नागिणीची बीन

नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारोशंकराच्या देवळाच्या कोटावर एक भली मोठी घंटा आहे. देऊळ १७४७ सालचं, आणि घंटेवर कोरलेलं साल १७२१. म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनी वडील! वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर दुसरी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियम. आणखी एक भीमाशंकरला. या घंटांचं माहेर वसईकडचं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात गेल्या, देवळांत टांगल्या गेल्या.

वसईत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. घराघराप्रमाणे ती कुठे विजयाची म्हणून सांगितली जाते, तर कुठे हानीची म्हणून. मला तिच्यात तिसरीच एक गोष्ट दिसते. चर्चमधली प्रार्थना कुणी देवळात नेली नाही. नेताही आली नसती, कारण तिला शब्द होते, आणि शब्दांना भाषा असते, धर्म असतो. घंटेला फक्त नाद होता. म्हणून तिला नवं घर मिळालं. मात्र ती ओतणाऱ्या कारागिराचं नाव आज देवळात येणाऱ्यांपैकी कुणाच्याही ओठी नाही.

आपल्या लोकप्रिय संगीतातल्या बिनशब्दांच्या सुरांचा इतिहास पाहताना हेच पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. सूर कुठेही जातो, कुणाचाही होतो. वाजवणारा मात्र मागे राहतो, बहुतेक वेळा नावाशिवाय.

वरातीतला सूर

माझी या विषयाशी पहिली ओळख वरातीत झाली. पापडी, गिरीज, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात ब्रास बँडशिवाय लग्नाला लग्न म्हणत नसत, ते दिवस मी पाहिले आहेत. नवरानवरी चर्चमध्ये जाताना बँड संथ, गंभीर काहीतरी वाजवायचा. बाहेर पडताना तोच बँड सिनेमाची गाणी धरायचा. हेच बँडवाले गणपतीच्या मिरवणुकीत दिसत आणि एखाद्या वृद्धाच्या अंत्ययात्रेतही. डगला तोच, ट्रम्पेट तोच. फक्त चाल बदलायची.

ब्रास बँड हे मूळ इंग्रजी पलटणींचं वाद्यवृंद-रूप. पलटणींकडून ते संस्थानिकांकडे आलं आणि तिथून लग्नाच्या मांडवात. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' हे पुस्तक २००५ मध्ये लिहिलं. परदेशी माणसाला ग्रंथाचा विषय वाटावा अशी ही गोष्ट आपण मात्र रस्त्यातला गोंगाट म्हणून सोडून दिली.

या बँडची एक खासियत अशी, की तो गाणं वाजवतो पण गात नाही. तरी वरातीतला प्रत्येक माणूस गाणं ऐकत असतो, कारण शब्द त्याच्या डोक्यात आधीच असतात. क्लॅरिनेटवर मुखडा आला की म्हाताऱ्या बायकांचेसुद्धा ओठ हलतात. पश्चिमेकडे वाद्यसंगीताचं तसं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९६० साली 'द शॅडोज' या गिटारवादकांच्या चमूची 'अपाची' ही धून लोकप्रियतेच्या यादीत पहिली आली. तिला कधी शब्द नव्हतेच. आपल्याकडे लोकप्रिय धून म्हटली की ती बहुधा शब्द गळून पडलेलं गाणं असते. आपलं लोकप्रिय वाद्यसंगीत आठवणीच्या आधारावर उभं आहे.

खोटी बीन, खरा नाच

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो प्रत्येक वरातीत हजेरी लावतो. १९५४ साली फिल्मिस्तानचा 'नागिन' आला. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातल्या बिनेच्या सुरांनी देशाला वेड लावलं. पण ती बीन गारुड्याची नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या छोट्या पेटीवर ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतल्या थोरल्या भावाने. सोबत हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये तयार झालेलं हे वाद्य. त्याच जातीच्या वाद्याचा आवाज १९६२ मध्ये 'टेलस्टार' या इंग्रजी धुनेत आला आणि लोकांना तो अंतराळयुगाचा आवाज वाटला. तिकडे उपग्रह, इकडे नाग! वाद्याला स्वतःचा अर्थ नसतो, ऐकणारा तो देतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुढची गंमत वरातीतली. बँडमधला क्लॅरिनेटवाला त्या विजेच्या पेटीची नक्कल करतो. म्हणजे गारुड्याच्या बिनेची नक्कल पेटीने केली आणि पेटीची नक्कल क्लॅरिनेटने. समोर नवऱ्याचा मित्र तोंडात रुमालाचं टोक धरून जमिनीवर लोळत असतो. या तिहेरी नकलेतून निघालेला नाच मात्र अस्सल असतो. आणि आमच्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-विक्रमगडच्या डोंगरांत, दुधी भोपळ्यापासून केलेला खराखुरा तारपा वाजतो, त्याच्याभोवती वारली माणसं फेर धरून नाचतात. किनाऱ्यावरच्या वरातीला तो ऐकू येत नाही. अंतर फार तर शंभर किलोमीटरचं.

'नागिन'ची बीन गाण्याचा भाग म्हणून जन्मली आणि गाण्यातून सुटून स्वतंत्र जगली. मला वाटतं, आपल्याकडच्या सर्वांत लाडक्या वाद्यरचना या अशा सुटलेल्या तुकड्यांच्याच आहेत: मुखडा आणि अंतरा यांच्या मधला तुकडा, गाण्याआधीचे चार सूर, पडद्यावर नावं येत असतानाचं संगीत. स्वतंत्र वाद्यरचना म्हणून त्यांना कुणी मोजलं नाही, कारण त्यांना वेगळं शीर्षक नव्हतं. ज्याला शीर्षक नाही त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही तिथे वादकाचं नाव कुठून येणार?

नाव कुणाचं?

हे तुकडे वाजवणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. गोव्यातल्या पॅरिश शाळांत मुलांना चर्चसाठी सुरांचं लेखन-वाचन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. मुंबईत हॉटेलांतल्या जॅझ बँडना आणि सिनेमाच्या स्टुडिओंना नेमकी अशीच माणसं हवी होती, कागद समोर ठेवला की वाजवणारी. वसईलाही पोर्तुगीज चर्चचा वारसा होता. तरी स्टुडिओंवर छाप पडली ती गोव्याची. माझ्या मते याचं एक कारण १७३९ मध्ये आहे. गोव्यात पोर्तुगीज राजवट १९६१ पर्यंत टिकली, वसईत ती सव्वादोनशे वर्षं आधीच संपली. इथले ख्रिस्ती राहिले, त्यांची चर्चं पुन्हा उभी राहिली, पण ते रमले केळी, पान आणि भाजीच्या वाड्यांत. वसईच्या वाट्याला स्टुडिओ आला नाही, वरात आली.

स्टुडिओतल्यांचं तरी काय झालं? पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी भगवानदादांच्या 'अलबेला'ला (१९५१) जो झगमगाट दिला, त्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता. त्यांचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. मजरडा गावचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. प्यारेलालांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवरच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. आज देशभर त्यांचं नाव ठाऊक आहे, पण ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका विनोदी गाण्यामुळे. शिष्याने गुरूला केलेला तो मुजरा होता. लोकांना ते कल्पित पात्र वाटलं.

अर्थात त्या काळी गायकांचीही हीच अवस्था होती. 'महल'च्या (१९४९) तबकडीवर गायिका म्हणून सिनेमातल्या पात्राचं, 'कामिनी' हे नाव छापलं होतं. गायकांनी पुढे भांडून आपलं नाव मिळवलं. वादकांना तबकडीच्या त्या गोल कागदावर जागाच नव्हती.

रेडिओ, तबकडी आणि एक शीळ

रेडिओने वाद्यसंगीताला घरात आणलं, तेही जवळजवळ चुकून. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, तेव्हा ते परतले. दोन कार्यक्रमांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं उरली की सिनेगीतांच्या धुना वाजत. व्हॅन शिपले यांची हवाईयन गिटार आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं अॅकॉर्डियन अनेक घरांत असं, फटीतून शिरलं. त्यांच्या तबकड्या त्यांच्या नावाने निघाल्या, ही त्या काळातली मोठी गोष्ट. आणि सकाळी आकाशवाणी ज्या धुनेने उघडायची, ती प्रागहून १९३४ मध्ये मुंबईला आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची मानली जाते. पहाटे वाडीत पाणी सोडणाऱ्या माणसाला ती धून देवळाच्या काकडआरतीइतकी ओळखीची होती. कॉफमन हे नाव त्याने कधी ऐकलं नसेल.

ज्यांना कधीच शब्द नव्हते अशा लोकप्रिय वाद्यरचना आपल्याकडे थोड्या, पण त्यातली सर्वांत गाजलेली एका मराठी गायकाच्या डोक्यातून निघाली. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन भावगीताची वाट रुळवणारे जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांतून उभा करायचा, ही त्यांची कल्पना. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला यांतून 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली. रागसंगीताच्या वाटेला न जाणाऱ्या घरांतही ती पोचली. दुसऱ्या वर्षी शंकर-जयकिशन यांनी रईस खान यांची सतार घेऊन 'रागा जॅझ स्टाइल' काढली. शीळ या शब्दावर नाव कमावलेल्या माणसाने शब्द बाजूला ठेवून एवढं यश मिळवावं, हा योग मला फार आवडतो.

१९८० मध्ये 'कर्ज' आला आणि वाद्यरचना थेट कथेची नायिका झाली. गिटारवर एक धून वाजते आणि नायकाला मागचा जन्म आठवतो. ती गिटार गोरख शर्मा यांनी वाजवली होती. आठवणीचा आणि बिनशब्दांच्या सुराचा जो संबंध वरातीत होता, तोच लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातून पडद्यावर आला. योगायोग असा, की ती धून जॉर्ज बेन्सन या अमेरिकी गिटारवादकाच्या गाण्यावरून घेतली असं जाणकार सांगतात. म्हणजे धुनेलाही मागचा जन्म होता.

बेंजोनंतर

वसई-विरारला नव्वदीत लोकलची गर्दी वाढली, इमारती वाढल्या, आणि हळदीला बेंजो आला. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो अमेरिकी बँजो नव्हे. तो बुलबुलतरंग, त्याचा पूर्वज जपानमध्ये नागोयाला १९१२ मध्ये तयार झाला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. विजेची जोड मिळाल्यावर त्याच्यावर कोळीगीतं अशी वाजू लागली की जणू वाद्य अर्नाळ्याच्या बंदरावरच जन्मलं. ब्रास बँडला लागत पंधरा-वीस माणसं, बेंजोला सात-आठ. मग डीजे आला, त्याला एक टेम्पो पुरतो. डीजेला मी दोष देत नाही, लोकांना नाचायचं असतं. पण एक फरक आहे. डीजेबरोबर शब्द परत आले, आणि शब्दांबरोबर कुठलं गाणं कुणाच्या गल्लीत वाजवायचं हा वादही परत आला. बँडवाल्याला तो प्रश्न सहसा कुणी विचारला नव्हता.

जुन्या बँडमास्तरांच्या नोटेशनच्या वह्या अजून काही घरांत ट्रंकेच्या तळाशी असतील. त्यापेक्षाही खात्रीचा पुरावा आपल्या कपाटात आहे, तो म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट. आपण त्या लावल्याच, तर नवरानवरी पाहतो, वारलेले आजीआजोबा पाहतो. कॅमेरा मध्येच वरातीकडे वळतो तेव्हा पुढे नेतो. तिथे थांबवायला हवं. क्लॅरिनेट फुंकणाऱ्या त्या माणसाचा चेहरा ओळखणारं कुणीतरी गावात अजून असेल. त्याचं नाव विचारून कॅसेटच्या खोक्यावर लिहून ठेवावं. कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते, आणि ओळखणारी माणसंही वर्षागणिक कमी होताहेत.